महिना म्हणजे किती सेकंद? जावाच्या टाइम लायब्ररीत कालमानाची एकके मांडण्याची रीत

कर्जाच्या पुढच्या हप्त्याची तारीख काढणे, विम्याची मुदत संपायला किती दिवस उरले ते सांगणे आणि लॉगिनचे टोकन अर्ध्या तासाने बाद करणे ही कामे वरवर एकाच जातीची वाटतात. तिन्हींत एक आकडा असतो आणि त्याच्यापुढे एक एकक असते: महिना, दिवस, मिनिट. त्यामुळे प्रत्येक एककाचे सेकंद करून घ्यावेत आणि मग साधी बेरीज-वजाबाकी करावी, असा मोह होतो. मिनिटाच्या बाबतीत हे निभावते, दिवसाच्या बाबतीत भारतात बहुतेक वेळा निभावून जाते आणि महिन्याच्या बाबतीत पहिल्याच ३१ तारखेला उघडे पडते.

या लेखात जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या टाइम लायब्ररीचे, म्हणजे तारीख-वेळेच्या कामांसाठी तयार मिळणाऱ्या कोडच्या संचाचे, उदाहरण घेतले आहे. मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर ती प्रमाण लायब्ररीत दाखल झाली. तिच्यामागे जेएसआर ३१० हा प्रस्ताव होता, आणि त्याच्या प्रमुखांपैकी एक स्टीफन कोलबोर्न हे त्याआधीच्या जोडा-टाइम या लायब्ररीचे कर्ते होते. ही लायब्ररी निवडण्याचे कारण असे की एकक ही गोष्ट तिने आकड्याला चिकटवलेले लेबल म्हणून न ठेवता स्वतंत्र वस्तू म्हणून मांडली आहे, आणि त्या वस्तूला तुम्ही आपल्या गरजेप्रमाणे नवी भावंडे देऊ शकता.

पहिली पायरी : एकक आणि फील्ड यांची फारकत

लायब्ररीत दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळेच बिघडते. टेम्पोरलयुनिट हे मोजण्याचे माप आहे: तास, दिवस, महिना. टेम्पोरलफील्ड हा तारखेचा किंवा वेळेचा एखादा भाग आहे: दिवसातील कितवा तास, महिन्यातील कितवा दिवस, वर्षातील कितवा महिना. प्रत्येक फील्डला दोन एकके जोडलेली असतात, एक पायाचे आणि एक आवाक्याचे. 'महिन्यातील दिवस' या फील्डचे पायाचे एकक दिवस असते आणि आवाक्याचे एकक महिना असते. बारा तासांच्या घड्याळातील तासाला आवाका म्हणून अर्धा दिवस लागतो, आणि क्रोनोयुनिट या तयार एककांच्या यादीत हाफडेज हे विचित्र वाटणारे एकक का आहे याचा उलगडा इथे होतो. वर्ष या फील्डला वरची मर्यादा सांगणारे कोणतेच नैसर्गिक एकक नाही, म्हणून त्याच्यासाठी फॉरेव्हर नावाचे एक कृत्रिम एकक ठेवले आहे. त्याने बेरीज करता येत नाही. केल्यास एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक, येते, आणि ते योग्यच आहे.

आठवड्याच्या उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. आठवडा हे एकक म्हणजे सात दिवस, एवढेच. आठवडा सोमवारी सुरू होतो की रविवारी, हे त्या एककाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. तो प्रश्न 'वर्षातील कितवा आठवडा' या फील्डचा आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या वर्षाचे किमान चार दिवस असावे लागतात. त्यामुळे सोमवार, ३० डिसेंबर २०२४ ही तारीख २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडते. तारीख छापण्याच्या साच्यात वर्षासाठी लहान वायऐवजी कॅपिटल वाय लिहिले गेले तर आठवड्यावर आधारलेले वर्ष छापले जाते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत अहवालांवर पुढचे वर्ष उमटू लागते. वर्षातून दोन-चारच दिवस दिसणारी ही चूक जानेवारी उजाडताच गायब होते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकून राहते.

आपल्याकडच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये हीच फारकत तिमाहीच्या बाबतीत करावी लागते. आयएसओफील्ड्स या वर्गात तिमाहीचे तयार एकक आहे आणि 'वर्षातील कितवी तिमाही' हे तयार फील्डही आहे. एकक आपल्याला जसेच्या तसे चालते, कारण तीन महिने कुठूनही मोजले तरी तीनच असतात. फील्ड मात्र जानेवारीपासून मोजते, आणि आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते; तेव्हा फील्ड स्वतःचे लिहावे आणि एकक लायब्ररीचेच वापरावे. दोन्ही नव्याने लिहिलेली मी पाहिली आहेत; त्यातले अर्धे काम वाया गेलेले असते.

दुसरी पायरी : एककाला विचारायचे प्रश्न

टेम्पोरलयुनिट हा इंटरफेस आहे, म्हणजे प्रत्येक एककाने कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचे याची यादी. तो एककाला मोजकेच प्रश्न विचारतो: तुझा कालावधी किती, तो नेमका आहे की अंदाजित, तू तारखेशी निगडित आहेस की वेळेशी, एखाद्या तारखेत तुझी अमुक संख्या मिळवली तर काय येते, आणि दोन तारखांच्या मध्ये तू पूर्ण असा किती वेळा बसतोस. शेवटची दोन कामे अ‍ॅडटू आणि बिटवीन या मेथड (एककाला जोडलेले कामाचे कोड) करतात, आणि एककाचा खरा अर्थ त्या दोन मेथडमध्येच असतो. कालावधी ही त्यामानाने दुय्यम माहिती आहे. एककांची लहानमोठी उतरंड लावायला आणि ढोबळ अंदाज द्यायला ती उपयोगी पडते, पण गणित तिच्यावर उभारू नये.

क्रोनोयुनिट या इनममध्ये, म्हणजे ठरावीक सदस्यांच्या बंद यादीत, नॅनोसेकंदापासून फॉरेव्हरपर्यंत सोळा एकके आहेत. त्यातील महिन्याला त्याचा कालावधी विचारला तर २६,२९,७४६ सेकंद असे उत्तर मिळते. हा आकडा ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या चारशे वर्षांच्या चक्रातून निघतो. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात, म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस किंवा ३,१५,५६,९५२ सेकंद, आणि त्याचा बारावा भाग म्हणजे महिना. दिवसांत सांगायचे तर ३० दिवस, १० तास, २९ मिनिटे आणि ६ सेकंद. इतक्या लांबीचा महिना कोणत्याही भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडणार नाही. म्हणूनच इजड्युरेशनएस्टिमेटेड ही मेथड महिन्यासाठी 'होय' म्हणते, आणि काळाची लांबी सेकंदांत साठवणाऱ्या ड्युरेशन वर्गाला 'तीन महिने' द्यायला गेलात तर तो ते घेण्यास साफ नकार देतो.

महिना अंदाजित असणे पटते. दिवसही अंदाजित मानला आहे, हे वाचून मात्र भारतातला प्रोग्रामर थबकतो, कारण आपली घड्याळे ऋतूप्रमाणे मागेपुढे होत नाहीत आणि दिवस म्हणजे चोवीस तास हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी पुण्यात बसून काम करणाऱ्याला हा फरक लवकर शिकावा लागतो. १० मार्च २०२४ रोजी पहाटे दोन वाजता न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे गेली. ९ मार्चला सकाळी दहा वाजताच्या झोन्डडेटटाइममध्ये (टाइम झोनसह तारीख-वेळ) एक दिवस मिळवला तर १० मार्चचे सकाळचे दहा येतात; चोवीस तास मिळवले तर अकरा येतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. रोज सकाळी दहाला बैठक असेल तर पहिले हवे, आणि औषधाच्या दोन मात्रांत चोवीस तासांचे अंतर हवे असेल तर दुसरे. इथे लायब्ररीचा नियम साधा आहे: तारखेशी निगडित एकके स्थानिक दिनदर्शिकेवर चालतात आणि वेळेशी निगडित एकके प्रत्यक्ष सरलेल्या काळावर चालतात.

शिवाय भारतही या नियमातून पूर्णपणे सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळे एक तास पुढे होती. जन्मकुंडली मांडणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्या वर्षांतील जन्मवेळांसाठी ही दुरुस्ती करावीच लागते. आशिया/कोलकाता हा झोन योग्य रीतीने वापरला तर ती आपोआप होते, आणि 'साडेपाच तास' हा ठोक फरक कोडमध्ये लिहून ठेवला असेल तर होत नाही.

तिसरी पायरी : कोणावर काय चालते

लोकलडेटला तास कळत नाहीत, लोकलटाइमला दिवस कळत नाहीत, आणि न जुळणारी जोडी लावली की अनसपोर्टेडटेम्पोरलटाइप हे एक्सेप्शन येते. हे लक्षात ठेवायला अवघड नाही. अडखळायला होते ते इन्स्टंटपाशी. इन्स्टंट हा काळाच्या रेषेवरचा एक बिंदू आहे. त्याला ना झोन, ना दिनदर्शिका. तो नॅनोसेकंदापासून दिवसापर्यंतची एकके स्वीकारतो, पण त्याच्या लेखी दिवस म्हणजे नेमके ८६,४०० सेकंद. आठवडा, महिना आणि वर्ष तो नाकारतो. 'वर्गणीची मुदत एक वर्षाने वाढवा' हे काम करताना इन्स्टंटने नकार दिला म्हणून ३६५ दिवस मिळवून वेळ मारून नेणारे कोड अनेक ठिकाणी आढळते. योग्य मार्ग असा की इन्स्टंटला ग्राहकाचा झोन द्यावा, मिळालेल्या झोन्डडेटटाइममध्ये एक वर्ष मिळवावे आणि मग पुन्हा इन्स्टंट करावे.

ड्युरेशन आणि पीरियड यांची जोडीही इथेच समजून घ्यावी. ड्युरेशन सेकंद आणि नॅनोसेकंद साठवतो. पीरियड वर्षे, महिने आणि दिवस अशा तीन वेगळ्या खणांत साठवतो. 'ड्युरेशनचा एक दिवस' म्हणजे ८६,४०० सेकंद, आणि 'पीरियडचा एक दिवस' म्हणजे कॅलेंडरवरची पुढची तारीख. न्यूयॉर्कच्या वरच्या उदाहरणात या दोघांची उत्तरे वेगळी येतील. आणखी एक बारकावा असा की पीरियडचे पंधरा महिने आणि एक वर्ष तीन महिने हे समानतेच्या तपासणीत एक ठरत नाहीत. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ करून, म्हणजे दर बारा महिन्यांचे एक वर्ष करून, घ्यावे लागते.

चौथी पायरी : महिन्याची बेरीज

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला तर ३१ फेब्रुवारी ही तारीख अस्तित्वात नाही. यातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत आणि वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळे मार्ग धरले आहेत. जावाची टाइम लायब्ररी तारीख मागे खेचून महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणते, म्हणजे २९ फेब्रुवारी देते. जावास्क्रिप्टचा जुना डेट उरलेले दिवस पुढच्या महिन्यात सांडू देतो आणि २ मार्चला पोहोचतो. सी++२० मधील वर्ष-महिना-दिवस हा प्रकार ३१ फेब्रुवारी अशी अवैध तारीखच हातात ठेवतो आणि ती वैध आहे का हे तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. मला जावाचा मार्ग व्यवहाराला सर्वांत जवळचा वाटतो, पण तो पत्करला की त्याचे परिणामही पत्करावे लागतात.

पहिला परिणाम असा की बेरीज टप्प्याटप्प्याने केली आणि एकदम केली तर उत्तर बदलू शकते. ३१ जानेवारीत एक महिना मिळवून २९ फेब्रुवारी आली आणि तिच्यात पुन्हा एक महिना मिळवला तर २९ मार्च येते. थेट दोन महिने मिळवले तर ३१ मार्च येते. हप्त्यांचे वेळापत्रक मागच्या हप्त्याच्या तारखेवरून पुढची काढत नेले तर फेब्रुवारी ओलांडल्यावर ते कायमचे २९ किंवा २८ तारखेवर अडकते. म्हणून मूळ तारीख जपून ठेवावी आणि कितव्याही हप्त्याची तारीख त्या मूळ तारखेत तितके महिने मिळवूनच काढावी. डेटाबेसमध्ये केवळ 'पुढील हप्ता' हा रकाना ठेवणाऱ्या रचना इथे फसतात, कारण त्यांनी मूळ दिवस टाकून दिलेला असतो आणि तो नंतर कुठूनही परत मिळवता येत नाही.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. ३१ जानेवारी आणि २९ फेब्रुवारी २०२४ यांच्या मध्ये किती महिने, असे क्रोनोयुनिटच्या महिन्याला विचारले तर तो शून्य म्हणतो, कारण २९ ही तारीख ३१ पेक्षा लहान आहे आणि त्याच्या लेखी महिना पूर्ण भरलेला नाही. पण ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर तोच २९ फेब्रुवारी देतो. म्हणजे अ‍ॅडटू आणि बिटवीन या एकमेकींच्या नेमक्या उलट क्रिया नाहीत. हा दोष आहे असे मला वाटत नाही. असमान लांबीच्या महिन्यांवर या दोन क्रियांचे पूर्ण जुळणारे नियम करताच येत नाहीत, कुठेतरी वाकावेच लागते. मात्र 'एक महिना झाला का' हे तपासायला बिटवीन वापरायचे, की मूळ तारखेत महिना मिळवून आजच्या तारखेशी तुलना करायची, हे कराराच्या भाषेवरून आधी ठरवावे. बहुतेक व्यवहारांत दुसरी पद्धत बरोबर ठरते.

बिटवीन नेहमी पूर्ण एककेच मोजते आणि अपूर्णांक शून्याच्या दिशेने टाकून देते, हेही विसरू नये. १ जानेवारीचे रात्रीचे अकरा आणि २ जानेवारीचा रात्रीचा एक यांच्यातील दिवस लोकलडेटटाइमवर मोजले तर शून्य येतात. त्याच दोन तारखा लोकलडेट म्हणून दिल्या तर एक येतो. लॉजमधला मुक्काम मोजताना दुसरे उत्तर हवे असते.

पाचवी पायरी : स्वतःचे एकक लिहिणे

आता दोन एकके लिहू. एक तारखेचे, सहामाही. आणि एक वेळेचे, घटिका. सहामाहीची गरज व्याज आणि शुल्काच्या हिशेबात पडते. घटिका म्हणजे दिवसाचा साठावा भाग, २४ मिनिटे, आणि पंचांगाशी संबंधित काम करणाऱ्याला ती लागते.

एकक लिहिताना शक्य तिथे इनम वापरावा. एककाची वस्तू अपरिवर्तनीय असली पाहिजे, अनेक थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांतून) निर्धोक वापरता आली पाहिजे आणि तिची प्रत एकच असली पाहिजे. इनममध्ये हे सगळे फुकटात मिळते. जावात ओळखनावे देवनागरीत लिहिण्याची मुभा आहे, त्यामुळे इनमच्या सदस्यांना खरोखरच सहामाही आणि घटिका अशी नावे देता येतात. सगळ्यांच्या कीबोर्डवर मराठी असेल तरच हा उत्साह दाखवावा.

सहामाहीचा कालावधी वर्षाच्या निम्मा, म्हणजे १,५७,७८,४७६ सेकंद द्यावा आणि तो अंदाजित असल्याचे सांगावे. ती तारखेशी निगडित आहे, वेळेशी नाही. घटिकेचा कालावधी १,४४० सेकंद. तो नेमका आहे आणि ती वेळेशी निगडित आहे. राहिल्या दोन मेथड, त्यांचा गाभा असा:

सहामाही.अ‍ॅडटू(तारीख, संख्या) → तारीख.प्लस(मल्टिप्लायएक्झॅक्ट(संख्या, ६), महिने)
सहामाही.बिटवीन(पहिली, दुसरी) → पहिली.अन्टिल(दुसरी, महिने) भागिले ६
घटिका.अ‍ॅडटू(वेळ, संख्या) → वेळ.प्लस(मल्टिप्लायएक्झॅक्ट(संख्या, २४), मिनिटे)
घटिका.बिटवीन(पहिली, दुसरी) → पहिली.अन्टिल(दुसरी, मिनिटे) भागिले २४

इतक्या थोडक्यात काम होते याचे कारण लायब्ररीची रचना. तुम्ही तारखेवर प्लस बोलावून एकक म्हणून सहामाही दिली की तारीख आधी पाहते की हे एकक क्रोनोयुनिटपैकी आहे का. असेल तर ती स्वतः हिशेब करते. नसेल तर काम एककाच्या अ‍ॅडटूकडे सोपवते. अन्टिल आणि बिटवीन यांचेही तसेच. म्हणजे ओळखीची एकके तारखेला समजतात आणि अनोळखी एकके स्वतःला समजावून सांगतात. यातूनच एक सापळा तयार होतो: तुमच्या अ‍ॅडटूमध्ये महिने देण्याऐवजी चुकून स्वतःचेच एकक प्लसला दिले तर तारीख काम तुमच्याकडे टोलवते, तुम्ही तारखेकडे टोलवता आणि स्टॅकओव्हरफ्लो होईपर्यंत, म्हणजे मेमरीची जागा संपून प्रोग्राम कोसळेपर्यंत, हे चालू राहते. अ‍ॅडटूच्या आत नेहमी क्रोनोयुनिटचेच एकक असावे. याउलट, वापरणाऱ्याने अ‍ॅडटूला थेट हात न लावता तारखेवर प्लसच बोलवावे, म्हणजे वाचणाऱ्याला वाक्य सरळ लागते.

गुणाकारासाठी मल्टिप्लायएक्झॅक्ट वापरण्याचे कारण असे की साधा गुणाकार लाँग या पूर्णांकाच्या प्रकाराच्या मर्यादेबाहेर गेला तर जावा काहीच बोलत नाही, उलट्या चिन्हाचा आकडा हातात ठेवते आणि तुमची मुदत कित्येक शतके मागे जाते.

सहामाहीला आधी वर्षांत आणि उरलेल्या महिन्यांत फोडावे, म्हणजे तीन सहामाह्या म्हणजे एक वर्ष आणि सहा महिने, असा विचार सुचतो. तसे करू नये. २९ फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी एक वर्ष मिळवले तर २८ फेब्रुवारी २०२५ येते आणि पुढे सहा महिने मिळवल्यावर २८ ऑगस्ट २०२५. थेट अठरा महिने मिळवले तर २९ ऑगस्ट २०२५ येते. मधल्या मुक्कामी कापला गेलेला दिवस परत येत नाही, म्हणून मधला मुक्कामच नको.

बिटवीनमध्ये महिन्यांचे अपूर्णांक आधीच टाकले गेले असताना पुन्हा सहाने भागणे सुरक्षित आहे का, अशी शंका येऊ शकते. ते सुरक्षित आहे, कारण धन पूर्णांकाने भागताना दोन टप्प्यांत टाकलेला अपूर्णांक आणि एकदम टाकलेला अपूर्णांक यांनी पूर्ण भाग बदलत नाही. काळजी घ्यायची ती ऋण उत्तरांची. शून्याच्या दोन्ही बाजूंचे अपूर्णांक शून्यातच जमा होतात, त्यामुळे एखाद्या क्षणाच्या आधीच्या आणि नंतरच्या घटनांचे घटिकावार गट पाडायचे असतील तर शून्य क्रमांकाचा गट इतरांच्या दुप्पट रुंद होतो. तिथे मिनिटांतील अंतर काढून स्वतः फ्लोअरडिव्ह (अपूर्णांक नेहमी खालच्या दिशेने टाकणारा भागाकार) वापरावे.

इजसपोर्टेडबाय ही मेथड नव्याने लिहिण्याची सहसा गरज पडत नाही. तिची मूळ आवृत्ती लोकलटाइमसाठी एकक वेळेचे आहे का ते पाहते, तारखेच्या प्रकारांसाठी ते तारखेचे आहे का ते पाहते, तारीख-वेळ दोन्ही असलेल्या प्रकारांना होकार देते आणि बाकीच्यांवर एक मिळवून पाहण्याचा प्रयोग करते. त्यामुळे सहामाही यिअरमंथवरही (फक्त वर्ष आणि महिना) बिनतक्रार चालते.

घटिकेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. पंचांगात घटिका सूर्योदयापासून मोजतात, आणि आपल्या एककाला सूर्योदय माहीत नाही. ते एककाचे काम नव्हेच. 'सूर्योदयापासून कितवी घटिका' हे फील्ड आहे. त्याला स्थळाचे अक्षांश-रेखांश लागतात. पहिल्या पायरीत केलेली फारकत इथे पुन्हा उपयोगी पडते.

सहावी पायरी : टेस्ट

एककाच्या टेस्टमध्ये तीन-चार सोयीच्या तारखा लिहून समाधान मानू नये. पहिली तारीख दुसरीच्या आधीची असेल आणि त्यांच्यामधील एककांची संख्या अमुक आली असेल, तर पहिलीत तितकी एकके मिळवून येणारी तारीख दुसरीच्या पुढे कधीही जाता कामा नये. हा नियम लोकलडेटवर सहामाहीसाठी नेहमी पाळला जातो आणि हजारो यादृच्छिक जोड्यांवर तपासता येतो. त्याची जोडीची बाजू, म्हणजे आणखी एक एकक मिळवले तर दुसरी तारीख ओलांडलीच पाहिजे, ही मात्र महिनाअखेरीस मोडते, हे आपण जानेवारी-फेब्रुवारीच्या उदाहरणात पाहिले. टेस्टमध्ये ती सूट स्पष्ट लिहावी: पहिल्या तारखेचा दिवस दुसरीच्या महिन्यात अस्तित्वात नसेल आणि दुसरी तारीख महिन्याची शेवटची असेल, तरच. घटिकेला अशी कोणतीही सूट लागत नाही, आणि तिच्या टेस्टमध्ये सूट द्यावी लागली तर कोड चुकला आहे असे समजावे.

तारखा निवडताना २९ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी १९००, ३१ ऑगस्ट आणि घड्याळ बदलाचे दिवस जरूर घ्यावेत. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० होते, हे कोडला ठाऊक आहे याची खात्री यातून होते.

इतर प्रकारांशी व्यवहार

जावातच टाइमयुनिट नावाचा आणखी एक, जावा ५ पासूनचा प्रकार आहे. तो थ्रेड आणि प्रतीक्षेच्या कामासाठी आहे, त्याचे सर्वांत मोठे एकक दिवस आहे आणि तो दिवस नेहमी चोवीस तासांचाच असतो. जावा ९ पासून त्याचे क्रोनोयुनिटमध्ये रूपांतर करणारी मेथड उपलब्ध आहे. दोघांतील एक भेद लक्षात असावा: मर्यादेबाहेरचे रूपांतर आले तर टाइमयुनिट लाँगच्या टोकाच्या आकड्यावर गुपचूप थांबतो, तर ड्युरेशन अरिथमेटिक एक्सेप्शन देतो. नॅनोसेकंद लाँगमध्ये साठवले तर सुमारे २९२ वर्षांतच जागा संपते, म्हणून 'कधीही बाद होऊ नये' यासाठी हजार वर्षे देणाऱ्या कोडला हा भेद जाणवतो.

सी++ मध्ये वेळबिंदूत महिना मिळवला तर खरोखरच ते २६,२९,७४६ सेकंद मिळवले जातात, आणि तारखेबरोबर दहा तास, २९ मिनिटे आणि ६ सेकंदही पुढे सरकतात. दिनदर्शिकेचा महिना हवा असेल तर वर्ष-महिना-दिवस या प्रकारावरच बेरीज करावी लागते. पायथनच्या प्रमाण टाइमडेल्टामध्ये महिना हे एककच नाही. त्यामुळे एका सेवेतून दुसऱ्या सेवेत मुदत पाठवताना ती सेकंदांत करून पाठवू नये. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाच्या मजकुरी रूपात महिने महिन्यांच्या खणात आणि तास तासांच्या खणात राहतात, आणि पीरियड व ड्युरेशन दोन्ही आपापल्या खणांपुरते ते रूप वाचतात आणि लिहितात. डेटाबेसमध्येही संख्या आणि एककाचे नाव असे दोन रकाने ठेवावेत. इनममधील क्रमांक साठवू नये, कारण उद्या मध्येच एक नवे एकक घातले की जुन्या नोंदींचा अर्थ बदलतो.

एकक करू नये अशी गोष्ट : तिथी

घटिका जमली की तिथीचा विचार मनात येतोच. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा काळ म्हणजे तिथी. तिची सरासरी सुमारे २३ तास ३७ मिनिटे असली तरी प्रत्यक्षात ती साधारण १९ ते २६ तासांच्या दरम्यान बदलते, आणि दिवसाची तिथी सूर्योदयावरून ठरत असल्यामुळे एखाद्या तिथीचा क्षय होतो तर एखादीची वृद्धी होते. अंदाजित कालावधी सांगून तिला टेम्पोरलयुनिटच्या चौकटीत बसवता येईल, पण अ‍ॅडटूला फक्त तारीख आणि संख्या मिळते. रत्नागिरीचा सूर्योदय घ्यायचा की नागपूरचा, हे सांगायला तिथे जागा नाही. स्थळ एककाच्या वस्तूत कोंबले तर प्रत्येक गावाची तिथी हे वेगळे एकक होते, आणि दोन एकके समान आहेत का या साध्या प्रश्नालाही उत्तर उरत नाही. त्याऐवजी स्थळ आणि इन्स्टंट घेऊन तिथीचा क्रमांक व तिची समाप्तीची वेळ परत देणारा स्वतंत्र वर्ग लिहावा, त्याचे उत्तर इन्स्टंटमध्येच द्यावे, आणि ते छापण्यापूर्वी शेवटच्या टप्प्यावर त्याला आशिया/कोलकाता झोन लावावा.